खालाने बंद केलेला पट्टा

खालाला राग आला की ती ओरडत नसे. सरळ जाऊन बटण दाबायची आणि बेदाण्याचा पट्टा बंद करायची. अख्खी शेड गप्प. शेठ ऑफिसातून धावत आले की मग ही शांतपणे बोलायला सुरुवात करायची.

तासगावच्या त्या शेडमध्ये ती आम्हा बायकांची मुकादम होती. मी आठवीतून शाळा सोडून यवतमाळकडून आलेली. पट्ट्यावरून बेदाणा सरकत जातो, त्यातल्या काड्या आणि काळे मणी चिमटीने वेचायचे. दिवसभर तेच. दुसऱ्या सीझनला माझा उजवा अंगठा सकाळी मुडपलेलाच राहू लागला. डाव्या हाताने ओढला की कट्‌कन सरळ व्हायचा. बायका म्हणायच्या, मनगट आवळून बांध, दुखणं कळत नाही. सगळ्याच बांधायच्या. मीही ओढणीची चिंधी आवळली आणि वर बाही ओढली. काम गेलं तर राहायची खोलीही जाणार होती, ती शेठचीच.

खालाने एकदा ती बाही वर केली. बोटं सुजून निळी पडली होती. कात्रीने चिंधी कापताना म्हणाली, "दावं बांधल्यावानी बांधलायस गं. जनावर हायस का?" मला वाटलं, माझ्यावरच चिडली. पण ती बटणाकडे गेली.

शेठ कधी वाईट बोलले नाहीत, त्याचाच मला आज जास्त राग येतो. गोड आवाजात म्हणाले, बरी होईपर्यंत पोरीला घरी पाठवू.

"आवं शेठ, पट्टा बिघडला तर तुमी सांगलीचा मिस्त्री बोलावता, पट्ट्याला घरी धाडत न्हाई. आन् पोरीचा हात बिघडला की तिला घर दावता व्हय?"

मग तिने मागायचं ते मागितलं. कामं फिरवा, वेचणारीला थोड्या वेळाने खोकी भरायला जाऊ द्या. मध्ये चहापुरता तरी हात मोकळा सोडा. पट्टा जरा सावकाश करा. खांदे उचलून बसावं लागतं, तर स्टुलं उंच आणा. आणि माझा दवाखाना शेठनीच बघायचा. व्यापाऱ्याचा माल अडला होता, म्हणून शेठ हो म्हणाले. माझा अंगठा वाचला. आज त्याच हाताने भाकरी थापते.

पुढच्या सीझनला मुकादम दुसरी होती. विचारलं तर शेठ म्हणाले, वय झालं त्यांचं. वय म्हणे. स्टुलं ठेवली, कामं फिरवणं ठेवलं, बाई तेवढी काढली. खाला कडेगावला बहिणीकडे निघाली तेव्हा मी स्टँडवर गेले. तिने माझा अंगठा दोनतीनदा वाकवून बघितला आणि मला रडूही दिलं नाही. "जा, काम चालू झालं असंल," एवढंच म्हणाली.

परवा बाहेरचे खरेदीदार शेड बघायला आले. शेठ स्टुलं दाखवत सांगत होते, बायकांच्या हाताला त्रास नको म्हणून आम्ही कामं फिरवतो, माझीच कल्पना. खोली अजून त्यांचीच आहे. तरी तोंडातून निघालंच, "खालाची."

एका पाहुण्याने विचारलं, कोण खाला, कुठं असतात त्या?

शेठ चहा सांगायला वळले.

"त्यांना काढलं," मी म्हणाले.