फुकटच्या सीडीतला खोकला

आमच्याकडे दिवाळी अंक आला की आधी त्याचं पोट दाबून बघायचं. मधे काही कडक लागलं की आमच्या ह्यांचा चेहरा खुलायचा. कथा, कविता, राशिभविष्य सगळं माझ्याकडे ढकलायचं आणि सीडी घेऊन हे पसार. त्या वर्षांत मासिकांना शास्त्रीय संगीताच्या सीड्या फुकट वाटायचं वेडच लागलं होतं.

मग रविवारी सकाळी आमच्या कर्जतच्या घरी बैठक. बैठक म्हणजे कोण, तर हे, बाजारातले औषधाच्या दुकानाचे मालक, आणि शेजारचे भाऊ, जे जन्मभर घाटात इंजिनं चालवून रिटायर झालेले. चहा माझा, मतं त्यांची. औषधवाले म्हणायचे, "फुकट सॅम्पल कशाचं देतात? जे खपत नाही त्याचं." हे म्हणायचे, "गवई बरा आहे हो, पण खर्ज कुठाय? खर्ज खाल्ला मेल्यांनी." भाऊंचं मत ठरलेलं, "वेळेत सुटली, वेळेत पोचली, मधे कुठं अडकली नाही. आपल्याला पसंत." एकदा मी चहा ठेवता ठेवता म्हटलं, "अहो, धर्माची गाय मिळाली आणि तिघं मिळून तिचे दात कसले मोजताय?" तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी चहात साखरेऐवजी मीठ घातलंय.

बैठकीचा नियम एकच. गाणं चालू असताना खोकायचं नाही. आलाच खोकला, तर उठून ओटीवर जायचं. थंडी पडली की ह्यांनाच सगळ्यात जास्त ढास लागायची. पण शिस्त म्हणजे शिस्त! टॉवेलाचं टोक तोंडात कोंबायचे, डोळे लालबुंद व्हायचे, पण आवाज म्हणून काढायचे नाहीत. मला तर भीती वाटायची, एखाद्या दिवशी हा माणूस गाण्यापायी गुदमरून जायचा.

अशाच एका दिवाळीला एक सीडी आली. कुणा बुवांची जुनी मैफल, कुठं झाली ते छापलेलं नाही. बुवा छान गात होते, पण मागे खरखर, मधूनच रेल्वेच्या शिट्ट्या, आणि आलापी संपून तबला सुरू व्हायच्या नेमक्या क्षणी कुणीतरी खोकलं. आधी दोन लहान, मग एक दणदणीत, आणि वर समाधानाचा "हं". हे संतापले. "अशा माणसाला मैफलीत घेतातच कशाला?" म्हणून त्याच संध्याकाळी मासिकाला तक्रारीचं कार्ड टाकून मोकळे.

पुढच्या रविवारी बैठकीत तीच सीडी लागली. माझ्या सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात बिरड्याचे वाल सोलत बसल्या होत्या. गाण्याशी त्यांचं देणंघेणं नाही. आलापी चालू झाली की विचारायच्या, "ह्या बाबाचं हारवलंय काय? कवाधरनं शोधतोय." तर त्या दिवशी तो खोकला आला आणि वालाचं ताट त्यांच्या मांडीवरून घसरलं. वाल घरभर.

"आगं, ह्ये तर आमचं ह्ये हायत!"

सासरे गेले तेव्हा आमचे हे शाळेतही जात नव्हते. सासऱ्यांचा एकच फोटो घरात, तोही लग्नातला, तोंड मुंडावळ्यांमागे. आवाज कुठून असणार? आईंनी मग सांगितलं. स्टेशनाजवळच्या देवळात उत्सवाला गाणं असायचं आणि गॅसबत्त्यांचं काम सासऱ्यांकडे. पंप मारायला सोपं पडावं म्हणून ते गवयाच्या पायाशीच बसायचे, आणि रॉकेलच्या वासानं त्यांना ढास लागायची.

"आणि आई, तुम्ही कुठं होतात?" मी विचारलं.

"मी कुठं असनार? मागं चुलीशी, भाकऱ्या थापत. गानं काय ऐकलं नाय गं. ह्यांचा खोकला ऐकत व्हते. खोकला आला की समजायचं, बत्ती जळत्ये, मानूस जाग्यावर हाय."

झालं! बैठकीला विषय मिळाला. भाऊंनी शिट्टी पुन्हा पुन्हा लावायला सांगितली आणि म्हणाले, "गाडी कर्जतलाच उभी आहे. घाट चढायला मागे इंजिन लावलंय, पुढचं आणि मागचं एकमेकांना शिट्टी देताहेत." औषधवाले म्हणाले, "गाडी कर्जतची असेल, पण खोकल्यावर नाव लिहिलेलं नसतं वहिनी. दुकानात मी दिवसभर असलेच खोकले ऐकतो." त्यावर आई ताडकन म्हणाल्या, "तुमी औषिद विका." मी कुणाच्या बाजूनं? खरं सांगते, मला पटलं नव्हतं. पण आईंचा चेहरा बघून तोंड उघडायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतर रविवारी सगळ्यात आधी खुर्ची कुणी धरली असेल तर आईंनी. लुगडं झटकून, केस चापून बसायच्या. "त्याचं शोधनं ऱ्हाऊ दे रं, खोकल्यावर लाव." ह्यांची अशी पंचाईत! रागाची बढत सोडून बैठक खोकल्यापाशी थांबायची. दोन लहान, एक मोठा, हं. आई डोळे मिटून मान हलवायच्या. अशी दाद त्या बुवांनासुद्धा आमच्या घरात कधी मिळाली नाही.

आणि मग मासिकाचं पत्र आलं. पुष्कळ श्रोत्यांच्या तक्रारी आल्या, दिलगीर आहोत, सदोष सीडी परत पाठवा, साफ केलेली पाठवतो. ह्यांनी आईंना विचारलं, बरं का, न विचारता नाही पाठवली. आई तर खूश झाल्या. "धाड की मंग. पुसून येऊ दे. खोकला जरा खरखरीत लागतोय, साफ केल्यावर नीट ऐकू येल." मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. पदरानं पुसून त्यांनीच ती पाकिटात घातली.

नवी सीडी आली. रविवारी आई खुर्चीवर. आलापी इतकी स्वच्छ, की बुवा समोर बसल्यासारखे. हे तर खर्ज ऐकून हरखले. खरखर नाही, शिट्ट्या नाहीत. ती जागा आली, आणि सरळ तबलाच सुरू झाला.

"परत लाव," आई म्हणाल्या.

परत लावली. परत तबला.

"कुठं गेलं रं?"

भाऊ जमिनीकडे बघत बसले. आई हळूच म्हणाल्या, "घर झाडाया दिलं, तर घरधनीच झाडून टाकला की." आणि उठून आत गेल्या. मला रडू आवरेना. ह्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

मग आमची धावाधाव. मासिकवाले म्हणाले, परत आलेल्या सगळ्या मोडीत काढल्या. कुणी जुनी सीडी परत न पाठवता ठेवली असेल म्हणून पार नेरळपर्यंत विचारत गेलो, तर एकाकडे सापडली ती वालाच्या वाफ्यावर पाखरांना भिववायला टांगलेली, ऊन-पावसानं पार भुरकट झालेली. घरी आणून लावली तर नुसतीच फिरली.

आई रविवारच्या पुन्हा दारात वाल सोलत बसू लागल्या. खुर्ची रिकामी. बैठकीची मतंही मंदावली. औषधवाल्यांनी तर कधी नव्हे ते कबूल केलं, "सॅम्पलच चांगलं होतं हो."

पौषातली गोष्ट. कडाक्याची थंडी, ह्यांना ढास लागलेली, टॉवेल खांद्यावर. ह्यांनी आपणहून ती साफ सीडी लावली. मला वाटलं, काय हा माणूस, जखमेवर मीठ चोळतोय! आलापी संपत आली. आईंचे हात थांबले. हे टॉवेल तोंडाकडे नेता नेता थबकले, टॉवेल खाली ठेवला, आणि आमच्या घराच्या इतिहासात पहिल्यांदा भर गाण्यात खोकले. दोन लहान, एक दणदणीत. वर आपोआप "हं".

तबला सुरू झाला. भाऊंनी वाहवा दिली, ती कुणाला देव जाणे. मी आईंकडे बघायला घाबरत होते. त्या ताट बाजूला ठेवून उठल्या, ह्यांच्यापाशी आल्या आणि पाठीवर एक सणसणीत धपाटा घातला.

"मेल्या, येवढी वर्सं दाबून का ठेवला व्हतास?"