साडेतीन ग्रॅम भोपळा

खरं सांगते, ती पहिल्यांदा माझ्या दुकानाच्या दारात उभी राहिली तेव्हा मला वाटलं, ही मला पकडायला आलीय. हसू नका. केस करकचून बांधलेले, कपाळावर आठी, हातात काळी लोखंडी पेटी, आणि नजर थेट माझ्या मसाल्याच्या काट्यावर! म्हटलं, आली वजनमापवाली बाई. मी तो छोटा काटा पायानंच आत ढकलला, वर कांद्याचं पोतं ओढलं आणि चेहरा असा केला, जणू जन्मात कधी काही मोजून विकलंच नाही. माझा काटा खोटा नव्हता हो. जरा आशावादी होता, एवढंच.

"वरची खोली भाड्यानं द्यायचीय ना?" तिनं विचारलं. तेवढ्यात तिच्या छातीशी बांधलेल्या झोळीत काहीतरी शिंकलं.

"मांजर चालणार नाही," मी म्हणाले.

"मुलगी आहे."

अशी ही काटेवाली माझ्याकडे राहायला आली. वजनकाटे दुरुस्त करायचं तिचं काम. भंगाराच्या गोदामापासून पोस्टापर्यंत सगळ्यांचे काटे ती उघडून, पुसून, शून्यावर आणून द्यायची. पेटीत मखमलीच्या खळग्यांत पितळी वजनं, किलोच्या ठोकळ्यापासून नखाएवढ्या ग्रॅमपर्यंत. नवरा जहाजावर मशीन सांभाळणारा, आठवड्यातून एकदा फोनवर दिसणारा. फोन तरी काय, तो "कशी आहेस?" म्हणायचा आणि ही मुलीचं वजन सांगायची.

मुलगी दोन महिने आधी जन्मलेली. जन्मली तेव्हा एक किलो सहाशे वीस. सहा आठवडे मोठ्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती. "रोज सकाळी वजन सांगायचे मावशी," ती मला म्हणाली होती. "वाढलं असलं तर मी जेवायचे." माझ्याकडे आली तेव्हा पोरगी चार महिन्यांची होती, पण दिसायची एवढीशी. मी तिला छटाक म्हणायला लागले, तर आईसाहेब म्हणतात कशा, "छटाक म्हणजे अठ्ठावन्न ग्रॅम. ही सत्तर छटाक आहे."

कांद्याच्या पोत्याखालचा काटा तिला दुसऱ्याच दिवशी सापडला. "मावशी, हा जास्त दाखवतो. पाच मिनिटांत नीट करून देते."

"माझा काटा बरोबर आहे," मी म्हणाले. ते भांडण तिथं सुरू झालं ते पुढे सहा महिने चाललं.

छटाकला सहा महिने झाले आणि वरचं खाणं सुरू करायची वेळ आली. काटेवालीनं बटाटा उकडला, कुस्करला, तोलला आणि चमच्यानं भरवला. त्यात राहिली होती एक गुठळी. पोरीनं ओकारी काढली, तोंड लालबुंद, डोळ्यांत पाणी, जीभ बाहेर. सगळं मिळून अर्धा मिनिट. पण काटेवाली अनवाणी जिना उतरून माझ्या दुकानात आली तेव्हा तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा होता. "मावशी, तिचा श्वास बघा. आहे का? आहे ना?" छटाक तोपर्यंत माझ्या चष्म्याची दोरी चोखत होती.

"अगं, हिला काही झालेलं नाही."

"तुम्ही पेटीतली मुलं बघितली नाहीत," ती म्हणाली. मग विचारलं, "गुठळी नसलेलं काही आहे का तुमच्याकडे?"

होतं ना. मीच फळीवरून काढून दिलं. माझ्याच हातानं. चकचकीत पाकीट, तोंडाला तोटी, चित्रात एक गुबगुबीत अस्वल अख्खा भोपळा कवटाळून बसलेलं, वर लिहिलेलं 'बाळाचा पहिला घास'. झाकण फिरवायचं, तोटी तोंडात द्यायची, काम झालं. त्याच्यासोबत जिभेवर विरघळणारी चांदणीची बिस्किटंही दिली. चावायची गरजच नाही.

आता काटेवाली काही आंधळेपणानं विश्वास ठेवणारी बाई नव्हे. वर जाऊन तिनं पाकीट वाटीत रिकामं केलं आणि तोललं. छापलेलं नव्वद ग्रॅम, भरलं नव्वद. आणखी चार पाकिटं फोडली. सगळी नव्वद! खाली येऊन मला म्हणते, "जे लोक वजनात खोटं बोलत नाहीत मावशी, ते बाकीचं कशाला खोटं बोलतील?"

ज्या बाईनं स्वतःचा काटा कांद्याखाली लपवला होता, तिनं यावर काय बोलावं?

चार महिने अस्वलंच अस्वलं. झाकणाचा कट्ट आवाज झाला की छटाक पाखराच्या पिल्लासारखी तोंड उघडायची. भिंतीवर वजनाचा आलेख चढत होता. एकदा मी लाडानं पिकल्या केळ्याचा कण तिच्या ओठाला लावला, तर पोरीनं असं बघितलं, जणू मी खडाच दिलाय. लगेच ओकारी. काटेवालीनं मुलगी माझ्या हातातून हिसकावली. "पुन्हा असं केलंत तर मी खोली सोडीन." ती रागावली नव्हती. घाबरली होती. दुपारी पोरगी झोपली की ही तिच्या नाकाखाली बोट धरून बसायची, हे मी जिन्यातून किती वेळा पाहिलंय.

दहाव्या महिन्यात दवाखान्यात तपासणी होती. पिशवी धरायला मी गेले. काटेवालीनं आलेख नर्सबाईंच्या टेबलावर असा पसरला, जणू प्रगतिपुस्तक.

"वजन छान आहे," नर्सबाई म्हणाल्या. "आता तोंड बघू."

त्यांनी चमच्यावर मऊ केळं घेतलं. छटाकनं ओठ मिटले, मान फिरवली, अंगाची कमान केली आणि अशी किंचाळली की बाहेरची मुलं गप्प झाली. काटेवालीनं घाईनं पाकीट काढलं. कट्ट. पोरगी शांत.

नर्सबाईंनी चमचा खाली ठेवला. "ताई, काट्याला हिचं पोट दिसतं. जीभ कुठं दिसते? तुकडा जिभेवरून गालाकडे न्यायला हिनं आतापर्यंत शिकायला हवं होतं. ही फक्त ओढते. आणि गोडच ओढते. जितका उशीर कराल तितकं शिकणं जड जाईल."

"पण घशात अडकलं तर?"

"भीती कुणाला आहे, हिला की तुम्हाला?" नर्सबाईंचा आवाज मऊ होता, पण पुढचं वाक्य नव्हतं. "पंधरा दिवस घरी प्रयत्न करा. नाही जमलं तर मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी देते. तिथं ठेवून घेऊन शिकवतात."

मोठं हॉस्पिटल म्हटल्याबरोबर काटेवालीच्या हातातलं पाकिटाचं झाकण खाली पडलं. ते उचलायलाही ती वाकली नाही.

"आणि याची मागची बाजू वाचलीत का?" नर्सबाईंनी पाकीट उलटं केलं.

"पुढची वाचली. वजन बरोबर आहे."

"मागची वाचा. यादीत जे वजनानं जास्त, ते आधी लिहितात."

बस्स. जे वजनानं जास्त ते आधी! बाहेरच्या बाकावर बसून तिनं काट्याच्या सुया बघायचं भिंग डोळ्याला लावलं आणि ती मुंगीएवढी अक्षरं वाचली. आधी सफरचंदाचा आटवलेला रस. मग पाणी. मग स्टार्च. मग आणखी काय काय, मला उच्चारताही येणार नाही असं. आणि शेवटाकडे, भोपळा, चार टक्के.

घरी आल्या आल्या ती माझ्याच दुकानातली लाल भोपळ्याची फोड घेऊन वर गेली. थोड्या वेळानं खाली आली, तळहात माझ्यापुढे धरला. त्यावर भोपळ्याचा एक चौकोनी तुकडा, खेळातल्या फाशाएवढा.

"नव्वद ग्रॅमचे चार टक्के. एका पाकिटात एवढा."

"साडेतीन ग्रॅम?"

"तीन पॉइंट सहा." तिनं तो फासा माझ्या गल्ल्यावर ठेवला. "वजन खरं होतं मावशी. मी तेवढंच तपासलं."

पाठीमागे फळीवर अस्वलांची रांग हसत होती. मी सगळी अस्वलं भिंतीकडे तोंड करून उभी केली. काय उपाय शोधला ना मीपण! विकणं बंद केलं म्हणाल, तर खोटं कशाला बोलू, मागितलं तर देत होते. पण आता मागची यादी वाचून दाखवून देत होते. त्यामुळे निम्मी गिऱ्हाइकं माझ्याशी बोलेनाशी झाली.

नर्सबाईंनी आम्हा दोघींना एक गोष्ट पढवली होती. पोर ताठ बसलेलं हवं, तुकडा बोटानं सहज दाबला जाईल इतका मऊ हवा. ओकारी आली, खोकला आला, आवाज आला, तर हात लावायचा नाही. पोर शिकतंय. आवाज बंद झाला, तर मात्र पालथं हातावर घ्यायचं, डोकं खाली, खांद्यांच्या मध्ये मनगटाजवळच्या तळहातानं पाच फटके, आणि दुसरीनं तेवढ्यात मदत बोलवायची. मी दोन किलो साखरेची पिशवी टॉवेलात गुंडाळली सरावाला.

"छटाक सात किलो नऊशे आहे," काटेवाली म्हणाली. "दोन किलोवर सराव करून काय कळणार?"

मग आठ किलो पिठाची पिशवी आली. फटके मारून मारून आम्ही दोघी पांढऱ्या झालो.

पण खरा तुकडा? ती रोज भोपळा उकडायची, बोटाएवढे दोन काप करायची, वर तोलायची, बरोबर तीस ग्रॅम, आणि ताटली घेऊन खाली यायची. पोरीकडे बघायची. मग स्वतःच खाऊन टाकायची. असे बारा दिवस गेले. बाराव्या दिवशी मी म्हटलं, "तुझं वजन वाढतंय तेवढं आलेखात लिही." तिला हसू आलं नाही.

तेराव्या दिवशी दुपारी मी दुकानाचं शटर ओढलं. मागच्या खोलीत उंच खुर्ची ठेवली, छटाकला बसवलं, पट्टा लावला.

"आज, नाहीतर हॉस्पिटल," मी म्हणाले. माझा आवाज मोठा होता, धीर मात्र एवढासा. हे तिला कळू नये म्हणून मी पोत्याला टेकून उभी होते.

काटेवालीनं ताटली ठेवली आणि दोन्ही हात मागे घेतले. छटाकनं भोपळ्याकडे बघितलं. बोटानं टोचलं. मुठीत धरलं, तर अर्धा काप बोटांतून बाहेर आला. तिनं ती मूठ निरखली. आणि मूठच तोंडात घातली.

एक क्षण काही नाही. मग पोरीचे डोळे मोठे झाले. जीभ बाहेर, मान पुढे, ओकारीचा तो भयंकर आवाज. तोंड लाल, लाल, आणखी लाल. काटेवालीचे हात झेपावले. मी तिचं मनगट धरलं. मी! जिला आतून वाटत होतं, आपणच हे केलं, आपणच पोर मारतोय.

"आवाज आहे," मी म्हणाले. "ऐक. आवाज आहे."

"मावशी सोडा."

"आवाज आहे गं!"

आणि तेवढ्यात आवाज थांबला.

किती वेळ थांबला ते मला विचारू नका. तिला विचारा, ती सेकंदात सांगेल. मला फक्त एवढं आठवतं की मी मनगट सोडलं होतं, काटेवालीनं पट्ट्याला हात घातला होता, आणि तिचे ओठ हलत होते, पालथं, डोकं खाली, पाच. पट्टा सुटतोय तोवर छटाक खोकली. भोपळ्याचा गोळा हनुवटीवर आला. ती त्याच्याकडे तिरळं बघत राहिली. मग बोटानं उचलला आणि पुन्हा तोंडात टाकला. या वेळी जीभ इकडून तिकडे फिरली. गाल हलला.

काटेवाली जमिनीवर बसली आणि रडायला लागली. मी तिच्याशेजारी बसले. वर खुर्चीत राणीसाहेब भोपळा केसांना चोळत होत्या.

अर्ध्या तासानं, सगळं पुसून झाल्यावर, मी म्हटलं, "चला, सुरुवात झाली. पोटात मात्र काही गेलं नाही हो. सगळं केसांत आणि जमिनीवर."

"गेलं," काटेवाली नाक पुसत म्हणाली.

"कणभर."

"कणभर नाही."

बाई उठली. ताटलीतलं, खुर्चीतलं, लाळेऱ्यावरचं, केसांतलं, माझ्या चपलेखालचं, सगळं चमच्यानं खरवडून तिनं एका जागी गोळा केलं. मी माझा काटा काढला आणि तो लगदा त्यावर ठेवला. एकोणतीस ग्रॅम.

"बघ! तिसातून एकोणतीस. एक ग्रॅम गेला. मी म्हटलं होतं."

तिनं खिशातून वीस ग्रॅमचं पितळी वजन काढलं. भोपळा उचलला, तिथं ते ठेवलं. माझ्या काट्यावर पंचवीस उमटले.

"पाच ग्रॅम जास्त," ती म्हणाली. "म्हणजे उरला चोवीस. खाल्ला सहा. अस्वलाच्या अख्ख्या पाकिटात तीन पॉइंट सहा असतो."

"त्यात पोरीची लाळ आहे, ती धरलीस का?" मी सहजासहजी हरणारी आहे होय?

"लाळ धरली तर उरलेला भोपळा आणखी कमी भरेल," काटेवाली म्हणाली. "म्हणजे तिनं सहापेक्षा जास्त खाल्ला."

मी काटा तिच्याकडे सरकवला. ती पेचकस घेऊन माझा काटा उघडायला बसली.