पहिल्या बोटीतली जागा

डोरथी ह्रुस्का कॉलेजात आली तेव्हा तिने वल्हं कधी हातातसुद्धा धरलं नव्हतं. पेन्सिल्वेनियातल्या बंद पडलेल्या पोलाद कारखान्याच्या गावात ती वाढली. तिथल्या नदीवर कोळशाच्या नावा चालायच्या. हौसेने पाण्यात कुणी उतरत नसे. पण पोरगी ताडमाड, खांद्यांनी रुंद. पहिल्याच आठवड्यात कॉलेजच्या वल्हवण्याच्या संघाच्या कोच व्हिटकमबाईंनी तिला जेवणाच्या रांगेत हेरलं.

"कधी बोटीत बसलीयस?"

"काकाच्या. मासे धरायला."

"झकास! म्हणजे वाईट सवयी नाहीत. वसंतात पहिल्या बोटीत, म्हणजे आमच्या मुख्य संघात, जागा मिळव, पुढच्या वर्षापासून स्कॉलरशिप."

घरी वडिलांची फुफ्फुसं कारखान्याने खाल्लेली. आई वृद्धाश्रमात आजाऱ्यांची अंगं पुसायची. स्कॉलरशिप नाही तर दुसरं वर्ष नाही, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

नवख्या मुलींत तिला रोवेना पिकेट भेटली. ओहायोतल्या गोठ्यात वाढलेली, तिच्याइतकीच गरजू. "आमच्या गाईसुद्धा मला इतक्या पहाटे उठवत नव्हत्या," ती कुरकुरायची आणि डोरथीच्या सोललेल्या तळव्यांना चिकटपट्टी लावायची.

हिवाळ्यात नदी गोठली. वल्हवण्याच्या यंत्रांवर घाम गाळता गाळता डोरथीच्या डाव्या बरगडीत काहीतरी टोचू लागलं. मग शिंकताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. तिने फक्त रोवेनाला सांगितलं.

"डॉक्टरला दाखव."

"दाखवलं की घरी बसवतील."

"आणि नाही दाखवलंस तर मरशील, म्हशे."

"तू कुणाला बोलणार नाहीस."

दुसऱ्या दिवसापासून रोवेनाच तिच्या बरगड्यांभोवती पट्टा आवळून बांधायला लागली.

वसंतात पहिल्या बोटीत एकच जागा उरली आणि दावेदार या दोघीच. कोचने दोन बोटी शर्यतीला सोडल्या, मग दोघींची अदलाबदल करून पुन्हा सोडल्या. डोरथी ज्या बोटीत, ती बोट दोन्ही वेळा पुढे.

काठावर तिने रोवेनाला गाठलं. "मुद्दाम हात सैल सोडलेस?"

"तोंड सांभाळ. इतकी भली नाही मी," रोवेना म्हणाली आणि निघून गेली. त्यानंतर पट्टा डोरथी स्वतःच बांधू लागली. नीट बसायचा नाही.

मोठ्या शर्यतीत अर्ध्यावर बरगडी मोडली. कट्‌ असा आवाज मागच्या मुलीलाही ऐकू गेला. वल्हं पाण्यात अडकलं, दांडा पोटात बसला, बोट तिरकी झाली. त्यांचा शेवटचा नंबर आला.

"किती दिवसांपासून दुखत होतं?" स्ट्रेचरजवळ कोचने विचारलं. डोरथीने मान फिरवली. "सगळ्या बोटीला घेऊन बुडालीस तू." मग बाई रोवेनाकडे वळल्या. "तुला माहीत होतं?"

"नाही," रोवेना म्हणाली.

डोरथीने ते ऐकलं आणि डोळे मिटून घेतले.

जागा रोवेनाला मिळाली, स्कॉलरशिपही. डोरथी गावी परतली. बरगडी सांधल्यावर आईच्याच वृद्धाश्रमात कामाला लागली. ती उंच, ताकदीची. जड म्हातारे उचलायला तिलाच हाक मारायचे.

एका रविवारी दुपारी फोन वाजला. वडिलांनी घेतला आणि रिसीव्हरवर हात ठेवला. "ती पिकेटची मुलगी आहे. परत."

"घरी नाही म्हणून सांगा."

"घरी नाही ती," वडील धापा टाकत म्हणाले. पण फोन त्यांनी ठेवला नाही. कानाशी धरून ते बराच वेळ ऐकत राहिले. पलीकडून काय सांगितलं, ते डोरथीने विचारलं नाही.