मेव्हिससाठी ब्राउनी

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या लुंडबी गावात कुणी वारलं की आधी चर्चची घंटा वाजायची आणि पाठोपाठ आर्डिस नीगार्डच्या घरचा फोन. पलीकडे चर्चच्या महिला मंडळाची एल्विरा असायची. "आर्डिस, म्हातारा टॉलेफसन सुटला बिचारा. शुक्रवारी दफन. दोन ट्रे कर."

आर्डिस बरं म्हणायची आणि ओव्हन लावायची. दफन आटोपलं की सगळं गाव चर्चच्या तळघरात जेवायला उतरायचं. हॅमची सँडविचेस, बटाट्याचं सॅलड, मोठ्या किटलीत कॉफी, आणि टेबलाच्या टोकाला आर्डिसची ब्राउनी. तिचा नवरा ऑरिन गाई पाळायचा. तोंडातून शब्द काढायला त्याच्या जिवावर यायचं, पण एक विनोद तो दर वेळी न चुकता करायचा. "आमच्या घरी कुणी मेल्याशिवाय गोडधोड होत नाही."

हे काही खरं नव्हतं. बुधवारीही व्हायचं. बुधवारी सकाळी दूध काढून झालं की आर्डिस एका ताटलीत चार तुकडे घेऊन शेजारच्या मेव्हिस सँडक्विस्टकडे जायची. मेव्हिस अकाली विधवा झालेली, बडबडी, खळखळून हसणारी. तिची कॉफी गावात सगळ्यात चांगली आणि ब्राउनी सगळ्यात वाईट.

"अगं, तू काल जी ब्राउनी दिलीस ती ऑरिनने गोठ्याच्या छपराला ठोकली," आर्डिस म्हणायची.

"ठोकू दे. गळायचं तरी थांबेल," मेव्हिस म्हणायची. "तू मेली तुझी कृतीच सांगत नाहीस."

"शंभरदा सांगितली. तू ऐकतेस कुठे? बोलत बसतेस आणि तिकडे ओव्हनमध्ये कोळसा होतो."

कृतीत लपवण्यासारखं काही नव्हतंच. आर्डिसच्या आईच्या हाती चॉकलेटच्या वड्या कधी आल्या नाहीत, म्हणून ती कोको पावडरच वापरायची, आणि मुलीनेही तेच धरून ठेवलं. पातेल्यात बटर वितळवायचं, खाली उतरवून त्यात साखर आणि चाळलेला कोको घालायचा. मग अंडी, एकेक करून, आणि दर अंड्यानंतर चमकायला लागेपर्यंत घोटायचं. व्हॅनिला, चिमूटभर मीठ. मैदा सगळ्यात शेवटी, आणि तो पडला की हात आवरायचा. जास्त ढवळलं की ब्राउनीचा केक होतो. काडी टोचली की थोडा ओला चुरा चिकटला पाहिजे. काडी कोरडी निघाली म्हणजे उशीर झालाच.

दोघींना एकाच हिवाळ्यात मुलगे झाले. आर्डिसला लाइल, मेव्हिसला ड्वेन. दोघं या घरात जेवले काय आणि त्या घरात जेवले काय, कुणी विचारायचं नाही. विसाव्या वर्षी, अडुसष्टच्या वसंतात, दोघांनाही व्हिएतनामच्या लढाईसाठी सक्तीच्या सैन्यभरतीची पत्रं आली, तीही एकाच आठवड्यात.

त्यानंतर काही दिवसांनी आर्डिस स्वयंपाकघरात ब्राउनीचं मिश्रण घोटत असताना लाइल आत आला. टेबलाला टेकून उभा राहिला.

"आई, मी आणि ड्वेन विचार करतोय. इथून कॅनडा अडीच तासांवर आहे. ड्वेनचा एक ओळखीचा आहे तिकडे, विनिपेगला. काम देईल म्हणतो."

आर्डिसने हात थांबवला नाही. "आणि परत कधी यायचं?"

"ते नाही सांगता येत. कदाचित नाहीच यायचं."

"तुझे वडील गेले होते लढाईवर. त्यांनी नव्हतं विचारलं आईला."

"ती लढाई वेगळी होती."

"लढाई ती लढाई. पळून गेलेल्याच्या आईने रविवारी चर्चमध्ये कुठल्या बाकावर बसायचं रे? ते सांग मला आधी."

लाइल हसला. रागाने हसला असता तर पुढे आर्डिसला सोपं गेलं असतं. तो नेहमीसारखाच हसला. "बरं आई. तुझ्या बाकासाठी जातो," म्हणाला आणि पातेल्याच्या कडेचं मिश्रण बोटावर घेऊन चाटत गोठ्याकडे निघून गेला.

जूनमध्ये ड्वेन सीमा ओलांडून गेला. ऑगस्टमध्ये लाइल गणवेश चढवून गेला. गावाने मेव्हिसशी भांडण काढलं नाही. लुंडबीत भांडणाची पद्धत नव्हती. फक्त रविवारी तिच्या बाकावर जागा रिकामी राहू लागली. बुधवारी जायला आर्डिसलाही सवड होईना. कधी लोणच्याची कामं, कधी गाय आजारी. पुढे तर कारणं सांगायचीही गरज उरली नाही.

लाइल व्हिएतनामला पोचल्यावर आर्डिस दर पंधरा दिवसांनी ब्राउनी पाठवायची. कॉफीच्या डब्यात मेणकागद घालून, ओल राहावी म्हणून पावाची एक फोड ठेवून, आणि डबा खोक्यात हलू नये म्हणून भोवती मक्याच्या लाह्या भरून. लाइलचं उत्तर यायचं: "आई, तीन आठवड्यांत सगळ्याचा भुगा होतो. आम्ही चमच्याने खातो. लाह्यासुद्धा सोडत नाही. माझ्या तुकडीतले तुला लग्नाची मागणी घालणार आहेत, बाबांना सांगून ठेव."

फेब्रुवारीत दोन अधिकारी गाडीतून उतरून दारात आले. आर्डिसने खिडकीतूनच त्यांना पाहिलं. ते पायऱ्या चढेपर्यंत तिने हात धुतले, पुसले, एप्रन काढून खुंटीला लावला. दार मात्र ऑरिनलाच उघडावं लागलं.

लाइलच्या दफनाच्या दिवशी तळघर भरून गेलं होतं. एल्विराच्या बायका ताटं वाढत होत्या, आर्डिस खुर्चीत बसून येईल त्याच्या हातात हात देत होती. तेवढ्यात जिन्यावरून मेव्हिस उतरली. तिच्या हातात फडक्याने झाकलेला ट्रे होता. आजच्या दिवशी आर्डिसला ब्राउनी करावी लागू नये, म्हणून तिने केली होती. कडा करपल्या होत्या, ते लांबूनही कळत होतं.

"आर्डिस," ती म्हणाली. तिने ट्रे पुढे केला.

आर्डिस उठून उभी राहिली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुझा जिवंत आहे ना? मग ने हे घरी. त्याला पाठव."

मेव्हिसने ट्रेवरचं फडकं सारखं केलं आणि आली तशी जिना चढून गेली. तिला कुणी थांबवलं नाही. ऑरिन मान खाली घालून कॉफीच्या कपात बघत राहिला.

एप्रिलमध्ये एक खोकं परत आलं. आर्डिसने जानेवारीच्या अखेरीस लाइलला पाठवलेलं, वर 'पाठवणाऱ्यास परत' असा शिक्का मारलेला. तिने ते उघडलं. ब्राउनी दगड झाली होती, पण नासली नव्हती. ऑरिन शेतावर गेला की ती सिंकपाशी उभी राहून एक तुकडा खायची. दात दुखायचे. सहा दिवसांत तिने सगळा डबा संपवला, तळाचा चुराही. ऑरिनला तिने खोकं आल्याचं सांगितलंच नाही.

त्यानंतर तिने ब्राउनी केली नाही. एल्विराचा फोन आला की ती म्हणायची, "कॉफीचं मी बघते," आणि एल्विराही आग्रह करायची नाही. आठ वर्षं तिने गावाच्या प्रत्येक मयताला कॉफी केली. आपण लाइलला काय बोललो, हे तिने पास्टरना सांगितलं नाही, बहिणीला सांगितलं नाही. ऑरिनला सांगायचं तर प्रश्नच नव्हता. त्याच्या मुलाला बाकाच्या जागेपायी धाडलं, हे त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? दोघं समोरासमोर बसून जेवायचे, हवेबद्दल बोलायचे, दुधाबद्दल बोलायचे. लाइलच्या खोलीचं दार लावलेलं असायचं.

सत्त्याहत्तरच्या जानेवारीत नव्या अध्यक्षांनी भरती टाळून गेलेल्या मुलांना माफी दिली. आता ड्वेन येईल, असं गावात जो तो कुजबुजला. पण मेव्हिसने त्याला कळवलं, रस्ते बर्फाने भरलेत, वसंतात ये, घाई नाही. तिच्या पोटात गाठ होती, हे तिने त्याला लिहिलं नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली. ड्वेन पोचला तेव्हा तिला चर्चमध्ये आणून ठेवलं होतं.

एल्विराचा फोन आला. "मेव्हिसचं उद्या अकराला आहे. बिस्किटं विकतची आणू म्हणते मी. फार कुणी यायचं नाही. ज्यांची मुलं व्हिएतनामात गेली, त्यांना कसं सांगायचं, की पळून गेलेल्याच्या आईसाठी डबा घेऊन या? तुला तर नाहीच सांगत मी, कॉफीसुद्धा नको."

"ब्राउनी मी करते," आर्डिस म्हणाली.

"आर्डिस, अगं..."

"एक ट्रे पुरेल ना?"

फडताळातल्या कोकोचे खडे झाले होते. तिने तो फेकला, दुकानात जाऊन नवा आणला. बटर वितळवलं, साखर घातली, कोको चाळला. हात काही विसरले नव्हते. ट्रे ओव्हनमध्ये ठेवला आणि ती बसली ती बसलीच. आठ वर्षं बुधवारी आपण त्या घरी गेलो नाही, हाकेच्या अंतरावर बाई पोटात गाठ घेऊन जगत होती, आणि आपण खिडकीतून तिचा दिवा कधी लागतो, कधी विझतो, एवढंच पाहत होतो. करपल्याचा वास आला तेव्हा ती भानावर आली. काडी कोरडी निघाली. तिने ट्रे बाजूला सारला आणि पुन्हा बटर पातेल्यात टाकलं.

दुसरा ट्रे भाजत असताना ऑरिन गोठ्यातून आला. दारातच थबकला. त्या घरात तो वास आठ वर्षांनी आला होता.

"कुणासाठी?" त्याने विचारलं.

"मेव्हिससाठी." मग तिला थांबता येईना. "ऑरिन, मला तुला एक सांगायचंय. लाइलने मला विचारलं होतं. ड्वेनबरोबर जाऊ का म्हणून. इथेच, या टेबलापाशी. मी त्याला म्हटलं, चर्चमध्ये मी कुठल्या बाकावर बसू? मी त्याला धाडलं रे. मी."

ऑरिनने टोपी काढली. खुर्ची ओढली, पण तो बसला नाही.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"त्याने मला आधी विचारलं होतं. आदल्या दिवशी, गोठ्यात. मला काही सुचलं नाही. जा म्हणावं तर... राहा म्हणावं तरी... मी म्हटलं, आईला विचार." त्याने टोपी टेबलावर ठेवली. "तुझ्यावर ढकललं मी. मला वाटायचं, तू मला कधीतरी विचारशील, 'लाइल तुझ्याशी बोलला होता का, तू त्याला काय सांगितलंस?' तू कधी विचारलंच नाहीस."

आठ वर्षं, एकाच टेबलापाशी. तिला त्याचा राग आला, खूप आला, आणि त्या रागातच तिने त्याची बाही घट्ट धरली. ओव्हनची घंटी वाजली तेव्हा तिला हात सोडवेना. ब्राउनी त्यानेच बाहेर काढली, फडकं न घेता, आणि बोटं भाजून घेतली.

दुसऱ्या दिवशी तळघरात एकोणीस माणसं होती. ड्वेन भिंतीशी उभा होता, दाढी वाढलेली, कुणाचा तरी उसना कोट अंगावर. आर्डिस ट्रे घेऊन सरळ त्याच्यापाशी गेली.

"मिसेस नीगार्ड," तो म्हणाला.

"ड्वेन, तुझ्या आईला मी याच जागी बोलले होते. इथल्या सगळ्यांनी ऐकलंय. म्हणून इथेच सांगते, माझं चुकलं. तिला सांगायला हवं होतं. तुला सांगून काय उपयोग, ते मला कळतं."

ड्वेनने ट्रेकडे पाहिलं. मग म्हणाला, "ती तुमची वाट बघायची. आधी दर पत्रात असायचं, आज बुधवार, कॉफी जास्त टाकली होती. पुढे पुढे लिहायची बंद झाली." त्याने डोळे पुसले. "मला खोटं नाही बोलता येणार, मिसेस नीगार्ड. तिला फार लागलं होतं ते."

"हो," आर्डिस म्हणाली.

त्याने एक तुकडा घेतला. खाल्ला नाही, कागदी रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. मग एल्विरा आली, तिने एक उचलला, आणि मग बाकीचेही आले. ड्वेन तीन दिवस राहिला, घर विकायला एकाला सांगून विनिपेगला परत गेला. आर्डिसने त्याला नाताळात पत्र लिहिलं. त्याचं चार ओळींचं उत्तर आलं. पुढच्या वर्षी आलं नाही.

त्या उन्हाळ्यात आर्डिस आणि ऑरिनने लाइलची खोली उघडली. कपडे चर्चला दिले, पुस्तकं शाळेला. पलंग सुटा करायचा होता. ऑरिन जमिनीवर बसून पान्ह्याने एकेक नट सोडवत होता. शेवटचा गंजला होता, हलेना. त्याने तेल घातलं, ठोकून पाहिलं, आणि मग पान्हा हातातून गळून पडला आणि तो तिथेच बसून मोठ्याने रडायला लागला. आर्डिसने त्याला आजवर रडताना पाहिलं नव्हतं, दफनातसुद्धा नाही. ती पलंगाचं दुसरं टोक उचलून धरून उभी होती. सोडलं असतं तर पलंग त्याच्या अंगावर आला असता, म्हणून तिला त्याच्याजवळ जाता येईना. "रड," ती म्हणाली, "मी धरलंय." आणि त्याचं रडणं ओसरेपर्यंत ती ते ओझं धरून तशीच उभी राहिली.