चेअरमन आबांची जागतिक भावकी

चीनचा एखादा बडा मंत्री महिनाभर कुठं दिसला नाही, की जगभरचे जाणकार तर्क लढवत बसायचे. आमचे चेअरमन आबा मात्र टीव्हीसमोर पान लावत शांतपणे सांगायचे, "सहलीला नेलाय त्येला." सहल म्हणजे काय, हे आमच्या बीड जिल्ह्यात शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. अविश्वास ठराव आला, की आपल्या बाजूचे मेंबर फुटू नयेत म्हणून त्यांना जीपमध्ये घालून लांब नेऊन ठेवायचं आणि थेट मतदानालाच गावात आणायचं. चीनमध्ये सहलीला गेलेला माणूस परत येतोच असं नाही, एवढा बारीक फरक आबांच्या हिशेबात नव्हता.

घाटनांदूरजवळच्या आमच्या गावी आबा शेजारच्याच घरात राहायचे. गावच्या सोसायटीचे ते चेअरमन. खत, बियाणं, पीककर्ज सगळं त्या सोसायटीतून मिळायचं, त्यामुळं तिच्या खुर्चीला गावात भलताच मान. अर्धं आयुष्य त्या खुर्चीत काढल्यानं आबांना वॉशिंग्टन काय नि मॉस्को काय, सगळीकडं सोसायटीच दिसायची. मी अंबाजोगाईला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. सुट्टीत घरी आले की त्यांना घटना, संसद, लष्कर असं काहीबाही समजावायची. ते सगळं ऐकून घ्यायचे आणि बातमीतल्या बड्या नेत्याबद्दल एकच विचारायचे, "ते ठीक हाय. पर त्येला पुतण्या हाय का?" मुलगा का नाही, असं विचारलं तर म्हणायचे, "पोरगं खुर्चीची वाट बघतं. पुतण्याला वाट बघायला कोण सांगितलंय?"

बातम्या ते आवाज बंद करून बघत. बोलणारा काय बोलतो याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्याच्यामागं कोण उभं आहे, कोण कालच्यापेक्षा दोन पावलं मागं सरकलंय, तेवढं बघायचं. त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, या प्रकाराला मुक्या बातम्या म्हणायच्या आणि वैतागून स्वयंपाकघरात जायच्या. आबांचे अंदाज निम्मे तरी चुकत. एकदा त्यांनी रशियाचा एक सेनापती पाडला, तर पुढच्याच आठवड्यात त्याला बढती मिळाली. आबा जराही डगमगले नाहीत. तिकडं वर चढवून पाडायची रीत असेल, म्हणाले.

मग दोन वर्षांपूर्वी खुद्द त्यांच्यावरच अविश्वास ठराव आला. आबांनी रिवाजाप्रमाणं आपले संचालक जीपमध्ये घातले आणि कोकणात धाडून दिले. त्यांच्यावर नजर ठेवायला दत्ताला पाठवलं. दत्ता थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ गेल्यावर आबांनीच त्याला वाढवला, संचालकही केला. स्वतः आबा घरी राहिले, कारण अमेरिकेत तेव्हा सत्तेतल्याच पक्षात फाटाफूट चालली होती आणि टीव्हीसमोरून त्यांना उठवेना. दत्ता रोज फोनवर सांगायचा, सगळे खुशीत आहेत. ते खरंच खुशीत होते. समुद्रकाठी मासे खाता खाता त्यांनी दत्तालाच चेअरमन करायचं ठरवलं होतं. परत येताना सगळी जीप दत्ताची होऊन आली. ठराव पास झाला आणि पुढच्या बैठकीत खुर्ची दत्ताकडं गेली.

काकूंना खुर्चीचं सोयरसुतक नव्हतं. पण भावकीत एकदा बोलणं तुटलं, की माणसं मयतीलासुद्धा एकमेकांच्या दारात जात नाहीत, हे त्यांनी पाहिलेलं. मतदानापासून दत्ता घराकडं फिरकला नव्हता. काकू मला फोनवर म्हणाल्या, "खुर्ची गेली, बरं झालं. आता माझं लेकरूबी जायचं का?"

मी तशीच गावी गेले. आबांचा टीव्ही बंद होता. त्यांनी मला विचारलं, तिकडच्या देशांत पडलेली माणसं पुढं काय करतात? मी म्हटलं, कुणी पुस्तक लिहितं, कुणी तुरुंगात जातं, कुणी सूड उगवतं. आबा म्हणाले, यातलं मला काहीच जमायचं नाही.

सकाळी कडक इस्त्रीचं धोतर नेसून ते सोसायटीकडं निघाले. काकूंनी मला मागोमाग पिटाळलं. आबांना दारात बघून दत्ता ताडकन उठला. आबा टेबलाजवळ जाऊन उभे राहिले.

"बस," ते म्हणाले. "तू असा उभा राह्यलास तर खुर्ची रिकामी दिसती. अन् रिकामी दिसली की मलाच बसावं वाटतंय."

दत्ता बसला आणि टेबलावर डोकं टेकून रडायला लागला. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुपारी जेवायला ये, काकू वाट बघतेय, एवढं सांगून ते बाहेर पडले. दत्ता गेला जेवायला.

मागच्या वर्षी आबा गेले. खांदा द्यायला दत्ता सगळ्यांच्या पुढं होता. आता वर्गात रशियातलं सत्तांतर शिकवायला घेतलं, की मला दत्ताच्या पाठीवरचा तो हात दिसतो आणि मी फळ्याकडं वळून डोळे पुसते. पोरांना वाटतं, मॅडमना रशियाची लई काळजी हाय.