किटलीचं टोपडं

भावाच्या मुलीचे कपडे उन्हात टाकताना लोकरीचं जुनं टोपडं हाती आलं, दोन्ही बाजूंना भोकं असलेलं. नाकाशी धरलं आणि मी नव्वदच्या दशकातल्या देवळाली कॅम्पात पोचले.

इंग्रजांच्या वेळचं चहाघर, वेताच्या खुर्च्या, जाळीच्या पडद्यातून झिरपणारं पिवळं ऊन, केकचा लोण्याचा खमंग वास. आईला दिवस गेले होते, म्हणून बाबांनी आम्हाला हौसेने तिथे नेलं होतं. म्हाताऱ्या पारशी मालकीणबाईंनी चहाची किटली आणून ठेवली. तिच्यावर लोकरीचं विणलेलं काहीतरी होतं, दोन्ही बाजूंच्या भोकांतून तोटी आणि मूठ बाहेर आलेली.

आई हळूच बाबांना म्हणाली, "किटलीला कुणी टोपडं घालतं का? माझी आई असती तर बाळंतविड्यात असंच विणून दिलं असतं."

बाई अजून तिथेच होत्या. "चाय गरम राहते म्हणून घालते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी ते काढून आईच्या मांडीवर ठेवलं. "घे दीकरी, बेबीला घाल."

आई ते ऊबदार टोपडं कितीतरी वेळ कुरवाळत राहिली.

पुढे त्या भोकांतून भावाचे कान बाहेर यायचे, आता त्याच्या मुलीचे येतील. त्या दुपारचा चहा मात्र आम्ही गारच प्यायलो.