रुखवतातले मोर

माझे बाबा माझ्या माहितीत एकदाच खोटं बोलले, आणि त्याचं ओझं माझ्या डोक्यावर आलं.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मोहाडीजवळच्या आमच्या गावी मला पाहायला तुमसरकडची मंडळी आली होती. चहा-पोहे झाले, सुपारीचा डबा पुढे आला, आणि मुलाच्या आईनं सुपारी घ्यायची सोडून डबाच उचलला. डबा साधा पत्र्याचा, पण त्यावर कागदी मोर चिकटवलेला. मान गडद निळी, पिसाऱ्यातला एकेक डोळा वेगवेगळ्या चित्रातून कापून आणलेला, आणि वरून वार्निशचे इतके हात दिलेले की बोट फिरवलं तरी कागदाची कड लागू नये. बाईंनी बोट फिरवून पाहिलंच. मग डबा उलटा करून बूड पाहिलं, झाकण उघडून आत पाहिलं. मला त्यांनी एवढं निरखून पाहिलं नव्हतं.

"कोनं केलं जी हे?" त्यांनी विचारलं.

बाबांचे कान लाल झाले. "आमच्या बाईनं," ते माझ्याकडे बोट करून म्हणाले. "तिले आवड हाय."

मी मान खाली घालून बसले होते, ती आणखी खाली घातली. मला धड पतंग कापता येत नव्हता. शाळेत हस्तकलेच्या तासाला मी केलेली कागदाची होडी बाईंनी कुणाचा तरी कचरा समजून फेकून दिली होती. डब्यावरचा मोर खुद्द बाबांचा होता.

"चांगलं हाय," बाई म्हणाल्या. "आमच्याकडचं रुखवत पाह्याले सारा मोहल्ला येते. मंग मांडवात पाहू पोट्टीचा हात."

पाहुणे गेल्यावर मी बाबांवर अशी तडकले की आई मध्ये पडली. त्यांचं बिचाऱ्यांचं म्हणणं एवढंच होतं, की धानाची पोती पाठीवर वाहणारा माणूस कैचीनं मोर कापतो हे व्याह्यांना पहिल्याच भेटीत कसं सांगायचं? गावातही कुणाला ठाऊक नव्हतं. बाबा दुपारी धान ठेवायच्या खोलीत दार लावून बसत, आणि कुणी विचारलं तर आई सांगायची, झोपले आहेत. गावात त्यांची ख्याती भयंकर झोपाळू माणूस अशीच होती. त्यातून आणखी एक बोभाटा झाला होता. चकाकीच्या कागदासाठी ते पानठेल्यापाशी पडलेली सिगारेटची पाकिटं उचलून आतली चांदी काढून आणत. जन्मात विडी न ओढलेल्या माणसाला चोरून सिगारेटी ओढतो म्हणून लोक नावं ठेवत, आणि बाबा ते मुकाट ऐकून घेत. मोरापेक्षा सिगारेट बरी, असा त्यांचा हिशोब असावा.

लग्न जमलं. रुखवत करायला दोन महिने होते. नियमानं नवरीनंच आपल्या हातानं करायच्या वस्तू त्या, म्हणून मलाही त्या खोलीत बसवण्यात आलं. काहीतरी शिकून जाईन अशी आईची भाबडी आशा.

बाबांचा सगळा माल ट्रंकेत होता. राइस मिलची जुनी कॅलेंडरं, वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, लुगड्यांच्या घडीवर चिकटवून येणारी रंगीत चित्रं, साबणाची वेष्टणं, आणि बाजारातून आणलेले पतंगी कागद. एरवी बोलण्यात कंजूष असलेला हा माणूस कैची हातात आली की मास्तर व्हायचा. कैची धरलेला हात हलवायचा नाही, डाव्या हातानं कागद फिरवायचा. कागद आधी पाण्यातून काढायचा, मऊ पडला की पाठीला खळ लावायची, मडक्यावर ठेवून ओल्या चिंधीनं मधून कडेकडे दाबत जायचं, म्हणजे खाली हवा राहत नाही. मी दाबायला गेले की हवा राहायची आणि चित्र फाटायचं.

सगळ्यात कडक नियम देवांचा. "देवाले कैची लावाची नाई," बाबा सांगत. "देवाच्या आजूबाजूचं चालते." त्यामुळे ते लक्ष्मीखालचं कमळ कापून घेत, सरस्वतीजवळचा मोर घेत, गणपतीपुढचा उंदीर आणि लाडू घेत. देव तेवढे शिल्लक राहत. उभ्याला पाट नाही, बसणाऱ्याला वाहन नाही, अशा साऱ्या देवांचं गाठोडं करून ते श्रावणात गावच्या तलावात सोडत. एकदा आईनं त्यातली लक्ष्मी पाहिली आणि म्हणाली, "बाईले उभं राह्याले जागा तरी ठेवाची होती." बाबा दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक कमळ कापलं.

दोन महिन्यांत सुपं झाली, घागर झाली, पाच मडक्यांची उतरंड झाली, नारळ झाले, पाट झाला. प्रत्येकावर मोर, आणि एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. माझा हातभार म्हणाल तर एका सुपाच्या मागच्या बाजूला एक फूल. ते भिंतीकडे करून मांडलं.

मांडवात रुखवत पाहायला खरोखरच गर्दी झाली. सासरच्या बायका एकेक वस्तू उचलून विचारत, हे कसं केलं, हे कशानं चिकटवलं. नवरीनं लाजायचं असतं आणि बोलायचं नसतं, या रिवाजाचे माझ्यावर फार उपकार आहेत. मी इतकी लाजले की वरमाय खूष झाली. बाबा मांडवाच्या टोकाला उभे राहून आपल्याच मोरांची स्तुती ऐकत होते आणि तिसऱ्याच कुणाला तरी पंगतीचं विचारत होते.

सासरी गेल्यावर लाजणं पुरेना. सासूबाईंनी ते सारं रुखवत बैठकीत मांडून ठेवलं होतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडे बोट करून दाखवत. गौरीगणपतीला म्हणाल्या, मखर कर. मी म्हटलं, हात भाजला आहे. दिवाळीला म्हणाल्या, कंदील कर. मी म्हटलं, तुमसरला चांगला कागद मिळत नाही. हे मात्र त्यांना लागलं. तुमसरच्या बाजारात मिळत नाही अशी वस्तू जगात नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. आठवडाभर त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या, आणि बाजाराच्या दिवशी माझ्यापुढे कागदांचा ढीग आणून टाकला. मी उंदरांना दोष देऊन तो ढीग हळूहळू संपवला. त्या घरात मला मान होता, नवरा चांगला होता, आणि तरी मी रोज चोरासारखी वावरत होते. आपण पकडले जाऊ ही भीती एक, आणि आपल्यामागे बाबा खोटे ठरतील ही दुसरी. दुसरी मोठी होती.

दीड वर्षानं नणंदेचं लग्न ठरलं. सासूबाईंनी साऱ्या मोहल्ल्याला सांगून टाकलं, रुखवत आमची सूनच करणार. मी तीन दिवस दार लावून एक मोर कापला. नणंद म्हणाली, "वहिनी, कोंबडी छान झाली." मी त्याच दुपारी बाबांना पोस्टकार्ड टाकलं. कार्ड कुणीही वाचतं, म्हणून एवढंच लिहिलं: तुमची फार आठवण येते, येताना कैची आणा.

बाबा चौथ्या दिवशी हजर. घरात मी सांगितलं, धानाच्या कामानं मिलवर आलेत, तीन-चार दिवस लागतील. मिलवर ते सकाळी एक फेरी मारून येत आणि मग मागच्या खोलीत माझ्यासोबत बसत. मला कागद धरून देतात, असं मी सासूबाईंना सांगितलेलं.

अडचण एकच होती. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, हे बाबा कडक पाळत. आईनं चिवडा, भाकरी आणि गूळ बांधून दिला होता, त्यावर त्यांचं चाललं होतं. पाणीसुद्धा देवळाच्या विहिरीवर जाऊन पीत. सासूबाईंनी रोज आग्रह केला आणि रोज बाबांनी हात जोडले. खळीसाठीसुद्धा त्यांनी घरून तांदळाची पिठी आणली होती. याचं कारण असं, की खळ नीट शिजली की नाही हे बाबा जिभेवर पाहत. बोटभर खळ जिभेला लावायची, टाळूला चिकटली की उतरवायची. चाळीस वर्षांची सवय.

तिसऱ्या दिवशी त्यांची पिठी संपली. दोनच मडकी राहिली होती आणि बाबा मान वर न करता कापत होते. मी त्यांना न विचारता आमच्या डब्यातली पिठी घेऊन खळ शिजवली आणि वाटी त्यांच्याजवळ ठेवली; पिठीचा डबा तिथंच उघडा राहिला. मला वाटलं, चिकटवायचीच तर आहे. बाबांनी कैची न सोडता डाव्या हाताचं बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

त्याच वेळी सासूबाई माझ्यासाठी चहा घेऊन दारात आल्या.

"थांबा जी," त्या म्हणाल्या. "ते तर आमच्या घरचं पीठ हाय. सकाळी मीच दळून ठेवलं."

बाबांचं बोट तोंडाशी राहिलं. थुंकावं तर व्याह्याच्या घरचं अन्न थुंकलं, गिळावं तर नेम मोडला. ते माझ्याकडे पाहू लागले. मी जमिनीकडे. खळ इतकी छान जमली होती की टाळूची सुटेना. शेवटी गळ्याचा आवाज झाला.

"गियलं?" सासूबाईंनी विचारलं.

बाबांनी मान हलवली.

"मंग आता जेवाच लागते."

एवढ्यावर सुटलो असं मला वाटलं. पण त्यांची नजर बाबांच्या मांडीवर गेली होती. तिथं अर्धा कापलेला मोर होता, आणि कैची बाबांच्या हातात. माझ्या हातात पळी.

"तू काय करून राहिली?" त्यांनी मला विचारलं.

"खळ," मी म्हटलं.

"अन् मोर?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. उंदीर, भाजलेला हात, सगळं जिभेच्या टोकाशी आलं होतं. पण बाबांनी कैची खाली ठेवली आणि ते उठून उभे राहिले. शेतातून कुणी मोठं माणूस जाताना उभे राहत तसे.

"मोर मी कापतो," ते म्हणाले. "त्या दिशीचा डबा बी माहा. रुखवत बी माहं. मले सांगाची लाज वाटली जी. मी खोटं बोललो."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. चहाचा पेला त्यांच्या हातात तसाच.

"मंग बाईले काय येते?" त्यांनी विचारलं.

"कैची नाई येत," बाबा म्हणाले. "पण माहं खोटं तिनं दीड साल निभवलं. रोज भेली असन. मायलेसुद्धा कुरकुर नाई केली."

ते ऐकून माझे डोळे भरले. मला वाटत होतं, माझी भीती फक्त मला ठाऊक आहे.

सासूबाई आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला, आणि तो रागाचा की कसला हे मला कळेना. बाबा उभेच. थोड्या वेळानं त्या ताट घेऊन आल्या. भात, वरण, वांग्याची भाजी. ताट बाबांपुढे ठेवलं आणि स्वतः मोर उचलून उजेडाकडे धरला.

"जेवा," त्या म्हणाल्या. "अन् इवाई, ह्याची मान आखूड झाली."

बाबा खाली बसले, पहिला घास उचलला आणि थांबले. आजवर त्यांच्या मोराबद्दल कुणी त्यांच्याशी बोललंच नव्हतं, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. "आखूड नाई जी," ते म्हणाले. "तो मागं पाहून राहिला. मागं पाह्यतानी मान अशीच दिसते. थांबा, दाखवतो." मग पिसारा, मग लुगड्यावरच्या चित्रातला निळा आणि कॅलेंडरातला निळा यांतला फरक, मग देवाच्या आजूबाजूचं काय काय घेता येतं. सासूबाई मध्येमध्ये हटकत होत्या आणि बाबा ऐकून घेत नव्हते. मी त्यांना एवढं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. घास हातातच होता आणि भात गार झाला होता, म्हणून मी उठून गरम भात आणायला गेले.